शांतता कोणत्या खात्याकडे?

मजकुराचं मोर्समध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम लिहायला पंधरा-वीस ओळी पुरतात. एक तक्ता करायचा. 'ए'समोर टिंब-रेघ, 'बी'समोर रेघ आणि तीन टिंबं, असं 'झेड'पर्यंत भरत जायचं. मग मजकुरातलं एकेक अक्षर उचलून तक्त्यात बघायचं. इंग्रजीत सारखा लागणारा 'ई' एका टिंबात आणि 'टी' एका रेघेत, क्वचित येणारा 'क्यू' मात्र रेघ-रेघ-टिंब-रेघ, ही काटकसरही एकोणिसाव्या शतकातच कुणीतरी करून ठेवली आहे. आपण डोकं चालवावं असं फारसं काही उरत नाही.

पण तोच प्रोग्राम ऑब्जेक्ट ओरिएंटेड करायचा म्हटलं की माणूस कचेरी थाटायला निघतो. प्रत्येकानं आपल्या टेबलापुरतं बघायचं, दुसऱ्याच्या कपाटात हात घालायचा नाही, काम हवं असेल तर रीतसर निरोप धाडायचा. 'चिन्ह' नावाचे साहेब, त्यांच्या हाताखाली 'टिंब' आणि 'रेघ', पलीकडे 'अक्षर', 'शब्द', 'संदेश'. शिवाय एक 'भाषांतरकार' आणि त्याच्यावर एक असा अधिकारी, जो स्वतः भाषांतर करत नाही, फक्त भाषांतरकाराची नेमणूक करतो. या पदाला आमच्यात 'फॅक्टरी' म्हणतात आणि त्याचा मान मोठा असतो.

कॉलेजात हेच शिकणारा भाचा माझी आकृती बघत म्हणाला, "मामा, टिंब आणि रेघेत फरक काय?"

"टिंब एक मात्रेचं, रेघ तीन मात्रांची."

"म्हणजे एका आकड्यासाठी दोन क्लास?"

दोघांनाही तिथल्या तिथे सेवानिवृत्त केलं. नुसतं नाव असलेली आणि काम नसलेली पदं भरू नयेत, एवढं मला पटतं.

खरी पंचाईत शांततेची. एका अक्षरातल्या दोन चिन्हांमध्ये एक मात्रा थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात. दोन टिंबांमध्ये एक मात्रा थांबलात तर तो 'आय', तीन थांबलात तर दोन 'ई'. थांबणं हाही मजकूरच. तो कोणत्या टेबलावर ठेवायचा? अक्षराला आपल्यानंतर कोण येणार याची कल्पना नाही, आणि तशी ती असूही नये. म्हणजे दोन अक्षरांमधली शांतता अक्षराची नव्हे, शब्दाची. दोन शब्दांमधली शब्दाची नव्हे, संदेशाची. शेजाऱ्यांमधली जागा नेहमी वरच्या कार्यालयाच्या ताब्यात.

भाच्यानं दुसरी तोड काढली. प्रत्येक चिन्हानं वाजून झाल्यावर आपली एक मात्रा थांबावं, अक्षर संपलं की अक्षरानं वर दोन घालाव्यात, शब्द संपला की शब्दानं आणखी चार. एक, तीन, सात, हिशेब चोख. कुणी कुणाकडे बघायलाही नको. फक्त संदेश संपल्यावरही यंत्र सात मात्रा गप्प बसून राहतं, पुढचा शब्द येईल या आशेवर. माझ्या मते हे गबाळं काम.

तपासणीसाठी मग रोमन लिपीतला 'पॅरिस' घेतला. मोर्सचा वेग मोजायला हाच शब्द प्रमाण मानतात, कारण तो बरोबर पन्नास मात्रांचा. मिनिटाला वीस पॅरिस म्हणजे मिनिटाला वीस शब्दांचा वेग. माझी रचना त्रेचाळीस मात्रांत आटोपली, भाच्याची बरोबर पन्नासावर थांबली. पन्नासात शब्दानंतरच्या सात मात्राही धरलेल्या असतात. भाच्यानं काही न बोलता चहा घेतला.

विषय बदलायला मी तारेवर गेलो. २०१३च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली, तेव्हा तो शाळेत असेल. शुभेच्छांच्या तारेची गंमत त्याला ठाऊक नव्हती. लग्न, दिवाळी, परीक्षेतलं यश, अशा ठराविक मजकुरांना पोस्टानं आकडे दिलेले होते. फॉर्मवर आकडा लिहायचा, तारेतून आकडाच जायचा आणि पलीकडचं तारघर पूर्ण वाक्य उमटवून घरी पोचतं करायचं. मजकूर न धाडता त्याचा नुसता संदर्भ धाडण्याची ही युक्ती आमच्या धंद्यात आजही रोज चालते, पण पोस्टातल्या बाबूंना कुणी आर्किटेक्ट म्हटलं नाही. मला एवढं भरून आलं की मी तिथेच आकृतीत 'शुभेच्छा' नावाचा नवा चौकोन काढला.

"मामा," भाचा म्हणाला, "भरती बंद होती ना?"