प्रकृतीस मानवेल ते

नालासोपारा पूर्वेच्या तुळिंज रोडवर नाताळची चाहूल दोन गोष्टींनी लागते: दुकानांपुढे लटकणाऱ्या चांदण्या आणि बिअर शॉपीपुढे ताटकळणारे भाविक. माइल्ड की स्ट्राँग, बाटली की कॅन, यावर असा गंभीर खल चालतो की मुलीचं स्थळसुद्धा इतकं पारखलं जात नसेल.

वास्तविक आपण मौजेसाठी पितच नाही. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून ठणठणीत आहे. त्यामुळे इथे प्यायला परवाना लागतो, आणि परवाना मिळतो तो प्रकृती सांभाळण्यासाठी! बिअरला वय २१ हवं, व्हिस्कीला २५. लोकसभा लढवायलाही २५च लागतात. दोन्हींची झिंग सरकारने बरोबर ओळखली आहे. नाताळ आणि ३१ डिसेंबरला दुकानांच्या वेळाही वाढवून मिळतात. थंडीत प्रकृतीला जपायला नको?

रूळ ओलांडून पश्चिमेच्या वाड्यांमध्ये जा. तिथल्या ख्रिस्ती घरांत द्राक्षं, साखर आणि यीस्ट बरणीत घालून आजी कधीच मोकळी झालेली असते. तिथे ब्रँडचा वाद नाही. बरणी कधी उघडायची, एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तरही आजीकडेच.

आमच्या सोसायटीत यंदा तासभर चर्चा होऊन बिअर ठरली, बर्फ आला, चकलीही आली. ग्लास विसळायला नळ सोडला, तर नुसती हवा. पेय निवडलं होतं. पाण्याचा टँकर निवडायचा राहिला.