मागे नुसतं ताक!

स्लाउ, इंग्लंड
१४ जून

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल. तिकडे पाऊस लागला असेल, पळसदरीवर ढग टेकले असतील आणि आप्पा, तुम्ही जीपच्या हुडाची डागडुजी काढली असेल. तसं असेल तर हातातलं रॉकेलचं फडकं आधी खाली ठेवा, मग पुढचं वाचा.

एक गुन्हा कबूल करतो. मी गाडी घेतली. माझदाची एमएक्स-५, १९९५ सालची, दोन माणसांची. तुमच्या सुनेनं पहिलाच प्रश्न केला, "आणि तुमचे चिरंजीव कुठे बसणार?" उत्तर शोधतो आहे. छप्पर कापडी आणि मागच्या काचेच्या जागी मऊ प्लॅस्टिक, थेट आपल्या जीपसारखं. पुढच्या, १९९८च्या पिढीत कंपनीनं तिथं खरी काच बसवली. म्हणजे मी पैसे वाचवले आणि दृष्टी घालवली. आरशात पाहिलं की मागे नुसतं ताक. ट्रक आला की ताक जरा काळसर होतं, एवढाच फरक. "मागचं मागचा बघेल" हे तुमचं ब्रीद कर्जत-चौक रस्त्यावर खपलं. इथल्या मोटरवेवर नाही खपत.

शेजारी एक आजोबा आहेत, उघड्या गाड्यांत हयात गेलेले. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे हे कसं साफ करत? मी अभिमानानं सांगितलं, की वडील गिरणीत भाताची पोती उतरवली की रॉकेलचा बोळा फिरवत आणि मग जुन्या बनियननं कोरडंच खसाखसा घासत, चमक येईपर्यंत. आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. इंग्रज माणूस चहा अर्धवट ठेवतो म्हणजे प्रकरण गंभीर.

तर आप्पा, ऐका. हे प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी, आपल्या नळाच्या पाइपाचंच. मुळात ताठ. त्यात तेलकट द्रव्य मिसळून ते मऊ करतात. उन्हानं ते द्रव्य हळूहळू निघून जातं. काच पिवळी पडते, कडक होते, घडीवर तडकते. रॉकेल, थिनर, स्पिरिट तेच द्रव्य ओढून काढतात. अमोनियाचा काच-क्लीनरही घरच्या खिडकीपुरताच बरा. आणि भाताच्या तुसात सिलिका असते, म्हणजे वाळूची सख्खी बहीण. ती धूळ कोरडी घासणं म्हणजे पॉलिशपेपर मारणं. कर्जत-३ भाताची पोती वाहून तुम्ही इतकी वर्षं जीपला नेमानं पॉलिशपेपर मारलात! आपली काच दुर्लक्षानं आंधळी झाली नाही, काळजीनं झाली.

रविवारी मी प्रायश्चित्त घेतलं. गाडी सावलीत. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू दिली, मग सौम्य साबण, तोही तळहातानं. कापडाच्या कडांना चिकटपट्टी, आतून आधाराला पाट. (होय आई, तू दिलेला जेवायचा पाट.) कोपऱ्यात करून पाहिलं, मग दोन हजार नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं, त्यावर तीन हजारचा. काच आणखीच दुधाळ झाली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही ती मारून टाकलीत." मग प्लॅस्टिकचं पॉलिश, चिमूटभर, मऊ कापडानं. ड्रिलला चकती लावण्याचा मोह आवरला, कारण गरमीनं प्लॅस्टिक वितळतं. बाहेरून झालं की आतून तेच. चार तास लागले. शेवटी मागच्या घराची चिमणी दिसली, तेव्हा वरदविनायकाचं दर्शन झाल्याइतका आनंद झाला.

त्यावरून आठवलं. लहानपणी भर पावसात महडला जाताना मी मागे बसून डोंगर बघायचो. पावसात आपली काच लख्ख व्हायची आणि घरी येऊन वाळली की पुन्हा पांढरी. मला वाटायचं, देवाचा प्रताप. शेजारचे आजोबा म्हणाले, हीच तर परीक्षा! ओली असताना स्वच्छ दिसते म्हणजे दोष वरच्या ओरखड्यांचा; त्यात पाणी भरलं की ते दिसेनासे होतात. अशी काच पॉलिशनं सुधारते. ओली होऊनही दुधाळच राहिली तर बिघाड आतला, तिथं उपाय नाही.

तेव्हा आप्पा, उघडीप मिळाली की काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि काय दिसतं ते फोनवर सांगा. दिसलं तर दिवाळीला येताना पॉलिश घेऊन येतो. नाही दिसलं तर खोपोलीच्या सीटकव्हरवाल्याकडून नवं प्लॅस्टिक शिवून घ्या. काहीही झालं तरी ओला हूड घडी घालून ठेवू नका, बुरशी धरते.

तुमचा,
धाकटा

ता. क. सासूबाई, नमस्कार. पॉलिशच्या आधी यांनी टूथपेस्टचा प्रयोग केला होता, तो पत्रातून सोयीस्कर गळला आहे. दोन ट्यूब संपल्या, काचेला पुदिन्याचा वास येतो आणि आम्ही दोन दिवस मिठानं दात घासतो आहोत. मामंजींना हे नक्की वाचून दाखवा.
— तुमची सून