लेक अठरापर्यंत, बहीण एकविसापासून

जालना जिल्ह्यात कोवळ्या वयात मुलींची लग्नं का होतात, असं कोणत्याही कार्यालयात विचारा, उत्तर एकच मिळतं: अज्ञान. मग जनजागृती होते. प्रभातफेरी निघते, भिंतीवर घोषवाक्य रंगवतात, सामूहिक शपथ होते आणि चहापान आटोपलं की अज्ञान पुढच्या गावी मुक्कामाला जातं. जानेवारी २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ सुरू झालं तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांच्या यादीत जालना होता. महाराष्ट्रातल्या दहाच जिल्ह्यांच्या वाट्याला हा मान आला. तेव्हापासून जागृतीत कसूर झालेली नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं राज्यातलं प्रमाण जवळपास २२ टक्के निघालं आणि जालना या सरासरीच्या बराच वर राहिला. तेव्हा आमची नम्र सूचना अशी की, मंठा-घनसावंगीकडच्या बापाला अडाणी म्हणणं थांबवावं. त्याचा हिशोब इतका पक्का आहे की त्याची नेमणूक वित्त विभागात व्हायला हवी.

हिशोब असा. इथून ऊसतोडीला माणूस जात नाही, कोयता जातो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याचा धरतात अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, ती मुकादम नवऱ्याच्या हातात ठेवतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांवर गेला. पण मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणाऱ्या बाईच्या वाट्याचे त्यातले किती, हे सांगणारा रकाना कुठल्याही वहीत नाही. आता पोरगं सतरा-अठराचं झालं की घरात अर्धा कोयता तयार असतो. त्याला सून आणली की कोयता पुरा आणि उचल दुप्पट. मुलीच्या बापापुढचा प्रश्न वेगळा: दिवाळीनंतर सहा महिने घराला कुलूप, मग चौदा वर्षांच्या पोरीला ठेवायचं कुठे? कारखान्यावरच्या कोपीत नेली तर शाळा सुटली, गावी ठेवली तर जिवाला घोर. म्हातारीच्या भरवशावर एक हंगाम निघतो, दुसऱ्याला लग्न निघतं. दोन्ही घरांचा ताळेबंद जुळतो. न जुळणारं एकच खातं, मुलीचं. पण ते कुणी उघडलेलंच नसतं.

याच्या विरोधात सरकारने काय मांडलं आहे? ३ जानेवारी १९९२ ला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, गरीब आणि मागास घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला: दिवसाला एक रुपया. पुढे तीस वर्षं डिझेल वाढलं, साखर वाढली, आमदारांचे भत्ते वाढले. रुपया तेवढा निश्चल राहिला. २०२३ मध्ये ‘लेक लाडकी’ आली. जन्माला ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. एकूण १ लाख १ हजार. शेवटचा हप्ता सोडला तर अठरा वर्षांत २६ हजार, म्हणजे दिवसाला चार रुपयांहून किंचित कमी. बालविवाह लावून देणाऱ्याला कायद्यात दंड एक लाखापर्यंत. म्हणजे बक्षीस आणि दंड यांत शासनाने एक हजाराचा फरक राखला आहे. पुण्याचं पारडं जड असावं म्हणून, दुसरं काय! २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ आली: महिना १५०० रुपये, पण वयाच्या २१ पासून. अठराला लेक संपते, एकविसाला बहीण सुरू होते. मधली तीन वर्षं ती शासनाची कोण लागते, हे नात्यांच्या कोष्टकात सापडत नाही. शिवाय घरातल्या एकाच अविवाहित स्त्रीला लाभ. दोन मुली असतील तर दुसरीला उजवून टाका, ती नव्या घरी पात्र ठरेल. जनजागृतीचा एवढा परिणामकारक फलक आम्ही तरी पाहिला नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळीच काही ऊसतोड्यांची घरं नाहीत. मोसंबीच्या बागा असलेलेही मुली लवकर देतात. खरं आहे. पण तिथेही रूढीच्या आडून व्यवहारच बोलतो. शिकलेल्या मुलीला तिच्याहून शिकलेला नवरा हवा आणि शिकलेल्या नवऱ्याचा भाव जास्त. म्हणजे प्रत्येक इयत्तेबरोबर बापाचा खर्च दोनदा वाढतो. बियाण्यांच्या संकरावर नाव कमावलेल्या, बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवून देणाऱ्या जिल्ह्याला हे कळायला हवं की पेरायचं बियाणं दळून खाल्लं तर एक वेळचं भागतं. २०११ च्या जनगणनेत इथल्या स्त्री-पुरुष साक्षरतेत सुमारे वीस टक्क्यांचं अंतर होतं. ते या दळणाचंच पीठ.

दुसरा आक्षेप: मजुरीचा पैसा घरात येतोय ना, तो बाईच्या नावावर कशाला हवा? याचं उत्तर शेजारच्या बीडमध्ये आहे. तिथे २०१९ मध्ये सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला की पैसे कापतात, आजारपणात खाडा झाला तरी कापतात. मग अवयवच काढला की हजेरी भरते. शस्त्रक्रियेला पैसे मुकादमाकडून, म्हणजे फेडीला आणखी एक हंगाम. लवकर लग्न, लवकर बाळंतपणं, पंडुरोग, शस्त्रक्रिया, कर्ज: ही आरोग्याची कहाणी दिसते, पण आहे ती मजुरीची. शेतावरच्या बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देणाऱ्या याच महाराष्ट्राने रोजगार हमीत दोघांना एकच दर दिला होता आणि त्याने आभाळ कोसळलं नाही.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, हे मान्य. २०२१ चा निर्णय ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांचा, पहिल्या टप्प्यात अंबड आणि घनसावंगीही. पण निम्मी मुलींची, प्रत्येकात शंभर जागा. राज्यभरात ४१०० मुली, आणि ऊसतोड मजूर मोजायचे ते लाखांत. तेव्हा साखर संघ आणि मजूर संघटना पुढच्या कराराला बसतील तेव्हा दराच्या आकड्यावर भांडून झालं की आणखी दोन कलमं घालावीत: उचल आणि मजुरी नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांत, आणि पहिली गाडी सुटण्याआधी प्रत्येक मुलीला गावाजवळ वसतिगृहात जागा.