पोटाची ओळ गाळू नका

कुठल्याही चित्रप्रदर्शनाला जा आणि दारातल्या टेबलावरचं पत्रक उचला. फोटो, जी. डी. आर्ट, पारितोषिकं, समूह प्रदर्शनं, 'देशविदेशांतले खासगी संग्रह' आणि शेवटी 'अंतर्मनाचा शोध'. नाव झाकलं तर तेच पत्रक शेजारच्या दालनात खुशाल चालेल.

माझी तक्रार आहे ती त्यात नसलेल्या ओळीबद्दल. हा माणूस पोटासाठी काय करतो? कित्येक जण शाळेत चित्रकला शिकवतात. मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवतात, स्थिरचित्राच्या सरावाला दरवर्षी तोच तांब्या, तीच वांगी, तीच चुरगळलेली चादर मांडतात. मग त्यांच्या कॅनव्हासवर भांडी येतात, चादरीच्या घड्या येतात. हा धागा बघणाऱ्याला कळायला नको? पण 'मास्तर' म्हटलं की चित्राचा भाव उतरतो, या भीतीने ती ओळ गाळली जाते. ही भीती चित्रकाराने घरून आणलेली नाही. विकणाऱ्यांनी, विकत घेणाऱ्यांनी आणि आम्हा लिहिणाऱ्यांनी ती घातली आहे.

चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ ते १९६५ वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. त्यांच्या त्या काळातल्या चित्रांवर तंत्रसाधनेतल्या प्रतिमांची छाप आहे, ती त्या मुक्कामातली. पुढे दारंखिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर वापरला. एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. त्यांच्या रेषेतला धीटपणा मला तरी तिथलाच वाटतो. या ओळी खोडल्या तर परिचयात उरतात नुसते पुरस्कार, आणि पुरस्कारावरून चित्र कळत नाही.

तेव्हा परिचय लिहायला बसाल तेव्हा साधं लिहा. जलरंग की ॲक्रिलिक, ब्रश की सुरी, जागा कोणती, वेळ कुठली. रात्री जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर रंगवत असाल तर तेही लिहा. चित्रं लहान का, ते आपोआप कळेल.

आणि शिक्षक असाल तर शाळेचं नाव गावासकट घाला. तुमच्याकडे इंटरमिजिएटची तयारी करणारी एखादी मुलगी ते पत्रक वाचेल. नोकरी सांभाळून चित्रकार राहता येतं हे तिला आत्ताच कळायला हवं. दहावीनंतर घरचे तिला कॉमर्सला घालायला निघाले आहेत.