फुल व्हर्जन कशाला हवंय?

घनसावंगी असो की अंबड, कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सर, फुल व्हर्जन आहे का?"

प्रोग्राम अजून एकही लिहिलेला नसतो.

फुकटच्या आवृत्तीत काहीतरी कापलेलं असतं, ही शंका खोटी नाही. १९९७च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक ५ची एक आवृत्ती फुकट वाटली. तिच्यात कंट्रोल बनवता यायचे, पण स्वतंत्र चालणारी ईएक्सई फाइल निघायची नाही. १९९८ला व्हीबी ६ तीन दरांत आलं : लर्निंग, प्रोफेशनल, एंटरप्राइझ. मराठवाड्यात लर्निंग कुणी पाहिलं? सीडीवर थेट एंटरप्राइझच यायचं. पैसे फक्त सीडीचे.

आणि त्या सगळ्यात महागड्या आवृत्तीच्या टेक्स्टबॉक्समध्ये युनिकोडमधलं 'घनसावंगी' टाकलं की काय उमटायचं?

आठ प्रश्नचिन्हं.

काना, अनुस्वार, वेलांटी धरून मोजा. लर्निंगमध्ये आठ, एंटरप्राइझमध्येही आठच. व्हीबी ६च्या कंट्रोलना युनिकोड कळतच नव्हतं. म्हणून आपल्या पावत्या, सभासद याद्या शिवाजी नि कृतिदेव फॉन्टात अडकल्या, त्या आजही पुरत्या सुटलेल्या नाहीत. जादा पैसे मोजून ही अडचण सुटणार नव्हती. मग अपग्रेड कसला करता? आधी आपलं घोडं नेमकं कुठे अडलंय ते तर बघा.

आजचं घ्या. १२ नोव्हेंबर २०१४ला मायक्रोसॉफ्टचं फुकटचं व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी आलं. आधीच्या फुकट आवृत्तीत, एक्सप्रेसमध्ये, प्लगइन चालत नसत, यात चालतात. अटी आहेत, पण त्या परवान्यातल्या. २५०हून जास्त पीसी किंवा वर्षाला १० लाख डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या संस्थेने धंद्यासाठी वापरायचं नाही. लहान संस्थेत एका वेळी पाच जणांनी वापरावं. वर्गात शिकायला मात्र कितीही बसा. एकटा माणूस तर त्यावर सॉफ्टवेअर बनवून विकूही शकतो.

आपल्या तालुक्यात अडीचशे पीसीचं दुकान कुणाचं आहे? मग दर महिन्याला पैसे मोजून प्रोफेशनल घ्यायचं कशासाठी?

डेटाबेसची तीच तऱ्हा. फुकटच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसला २०२२च्या आवृत्तीपर्यंत १० जीबीची मर्यादा. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "भाऊ, उद्या भरलं तर? स्टँडर्ड घेऊन टाका." गणित करा. कृषी सेवा केंद्राच्या एका बिलाला दोन केबी धरले तर दहा जीबीत पन्नास लाख बिलं मावतात. रोज दोनशे फाडली तरी साठ वर्षं पुरून उरतात.

तरी दोन वर्षांत भरतं. कसं? सातबारा आणि आधारकार्डाचे दोन-दोन एमबीचे स्कॅन डेटाबेसच्या पोटात कोंबल्यावर! पाच हजार स्कॅन, खेळ खलास. स्कॅन फोल्डरात ठेवा, डेटाबेसात नुसता त्यांचा पत्ता. खर्च शून्य.

एक्सप्रेसची खरी उणीव वेगळीच आहे आणि ती विकणारा सांगत नाही. ठरल्या वेळी कामं उरकणारा एजंट त्यात नाही. म्हणजे रात्रीचा बॅकअप आपोआप होत नाही. हार्डडिस्क बसली की कळतं. विंडोजच्या टास्क शेड्युलरला चार ओळींची बॅच फाइल जोडली की हेही काम होतं. पण ते जोडून द्यायला यायचं कुणी? स्टँडर्ड विकायला मात्र दोनदा येतात.

आता क्रॅकवाले. त्यांच्या फाइलसोबत पहिली सूचना काय असते? अँटीव्हायरस बंद करा. चोराने कुत्रं बांधायला सांगावं आणि आपण बांधावं, असला प्रकार. ज्या पीसीवर दुकानाची उधारी आणि बँकेचा पासवर्ड, त्याच पीसीवर हे चालतं.

पैसे कुठे मोजायचे? परवाना सांगतो तिथे. डेल्फी या प्रोग्रामिंगच्या साधनाची कम्युनिटी आवृत्ती वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतच्या कमाईलाच फुकट आहे. त्यापुढे गेलात तर निमूट परवाना घ्या, ज्यांच्या हत्यारावर आपलं पोट भरतं त्यांचे पैसे बुडवायचे नसतात. आणि अपग्रेडची हौसच असेल तर आधी मशीनचा करा. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ किमान ४ जीबी रॅम मागतं, सुचवतं १६. चार जीबीच्या लॅपटॉपवर एंटरप्राइझ टाकलं तरी माउसशेजारचं चक्र फिरतच राहणार.

पण खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा.

फुल व्हर्जनचा घोष करणाऱ्या आपल्या देशात अजूनही कितीतरी लॅबमध्ये टर्बो सी++चा निळा पडदा उघडतो. बोर्लंडचं हे सॉफ्टवेअर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं. सी++चं पहिलं प्रमाण ठरलं १९९८ला. म्हणजे प्रमाण ठरण्याआधीची भाषा आपण पोरांना शिकवतो. ६४ बिटी विंडोजवर ते उघडत नाही, म्हणून डॉसबॉक्स टाकून नव्या लॅपटॉपला आधी म्हातारा करायचं.

त्याची मर्यादा जवळून बघा. तीर्थपुरीच्या साखर कारखान्यावर उसाच्या दोन खेपा गेल्या, प्रत्येकी २०,००० किलोच्या. टर्बोमध्ये दोन्ही आकडे इंटमध्ये ठेवा, बेरीजही इंटमध्येच घ्या. उत्तर येतं उणे २५,५३६. तिथला इंट १६ बिटांचा, ३२,७६७च्या पुढे त्याला मोजताच येत नाही. शेतकऱ्याने घातला चाळीस टन ऊस, आणि प्रोग्राम म्हणतो तूच पंचवीस टन देणं लागतोस!

नव्या कंपायलरवर हीच बेरीज बिनबोभाट ४०,००० येते.

याच टर्बोवर शिकलेला मुलगा पुण्यात कंपनीच्या टेस्टला बसतो. सवयीने पहिली ओळ लिहितो, इन्क्लूड आयओस्ट्रीम डॉट एच. नवा कंपायलर ती ओळच नाकारतो. पहिल्याच ओळीला गाडी अडली. चूक त्याची होती का?

जीसीसी हा कंपायलर १९८७पासून फुकट आहे. त्याला जोडून येणारं कोडब्लॉक्स फुकट आहे, साध्या पीसीवर चालतं. व्हीएस कोड २०१५पासून फुकट आहे. यातलं काहीही अर्धवट नाही, कशाला क्रॅक लागत नाही आणि कुठल्याच संस्थेला खरेदीचा ठराव घ्यावा लागत नाही.

तर सर, यंदाच्या प्रॅक्टिकलला आयओस्ट्रीम डॉट एचवर मार्क देणं बंद करा. पोरं आठवड्यात नवं शिकतील. तुम्हाला कोण अडवतंय, तेवढं सांगा.