आयएमपी काका

आमच्या सोसायटीतल्या आयएमपी काकांच्या हिशेबात पानिपतचं तिसरं युद्ध पाच मार्कांचं आहे. चौरीचौरा एका मार्कात आटोपतं. वसईच्या तहाला ते दोन देतात, पण सालबाईचा तह ‘जोड्या लावा’च्या वर कधी चढलाच नाही. गांधीजी १२ मार्च ते ५ एप्रिल १९३० असे उन्हातान्हातून दांडीपर्यंत चालले, त्याची काकांनी केलेली किंमत तीन मार्क. “नकाशा काढला तर तीन. नाहीतर अडीच.”

हा माणूस तुमच्याकडेही असणार. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ज्याच्या दाराबाहेर लहान मापाच्या चपलांचा ढीग दिसतो, तो. आमचे काका शिक्षक वगैरे काही नव्हते. हयात गेली सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळण्यात. समोर येईल त्या कागदावर नंबर घालायची सवय निवृत्तीनंतर जाईना, आणि कागद तर यायचे बंद झाले. मग इतिहास सापडला.

तो एकवेळ परवडला. पण काका आपल्यालाही मार्कांत मोजतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून कानात सांगतील, “नवरामुलगा टीपेपुरता आहे हो. सविस्तर उत्तराला नाही येणार.” सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवर बोलायला उभे राहिले की मागून आवाज येतो, “प्रश्न दोन मार्कांचा आहे, पुरवणी कशाला लावताय?” डॉक्टरांकडून आल्यावर तब्येत विचारली तर म्हणतात, “बीपी एका वाक्यात. शुगर मात्र दीर्घोत्तरी.” मी एकदा मोठ्या उत्साहानं माझा छापून आलेला लेख दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “मुद्दे आलेत. मुद्द्यांना अंक घालायला हवे होते.” काकू तेवढ्यात चहा घेऊन आल्या. “यांना मेथी आणायला सांगा,” त्या म्हणाल्या, “कोथिंबीर घेऊन येतात आणि वर कारणे देतात.”

तरीही आदल्या रात्री सगळी सोसायटी त्यांच्याच दारात. व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर इतिहासावरून तलवारी परजणारे वडील, पोरानं “बाबा, पुरंदरच्या तहात महाराजांनी किती किल्ले दिले?” असं विचारलं की मोबाइलचा चार्जर शोधायला आत जातात. पोरगं मुकाट्यानं जिना चढून काकांकडे. “तेवीस,” काका म्हणतात, “साल १६६५. एक मार्क. खिशात टाक.”

काकांची पद्धत उलटी आहे. धडा पहिल्या ओळीपासून वाचायचाच नाही. आधी शेवटचा स्वाध्याय उघडायचा, प्रश्न बघायचे आणि त्यांची उत्तरं धड्यात हुडकायची. तेवढं झालं की पुस्तक काकांच्या मांडीखाली जातं. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ मुलांपुढे येते. आठवेल तेवढं लिहा. जे आठवलं नाही, तेवढ्यापुरतंच पुस्तक बाहेर काढायचं, की परत मांडीखाली. हायलायटर घेऊन आलेल्या पोराचं पान ते सगळ्यांना उंच धरून दाखवतात. “अख्खं पान पिवळं. कावीळ झाल्यावर आयएमपी कुठलं ओळखायचं?” सनावळ्या सुट्या पाठ करू देत नाहीत, एकीच्या आधारानं दुसरी. प्लासी १७५७, त्यात सात मिळवा, बक्सार. प्लासीत शंभर मिळवा, सत्तावनचा उठाव. पानिपतचं पहिलं युद्ध १५२६ ला, दुसरं बरोबर तीस वर्षांनी. साडेदहाला मात्र सगळ्यांना बाहेर काढतात. “झोपा. जागरणाचे मार्क नसतात.”

त्यांना जरा डिवचावं म्हणून मी एकदा सांगितलं, की हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून करून १८८५ साली दाखवून दिलं, की घोकलेलं भराभर पुसलं जातं आणि एका दमात रेटण्यापेक्षा थोडं थोडं, दिवस मध्ये सोडून केलेलं जास्त टिकतं. थोडक्यात, तुमचा हा एका रात्रीचा कारखाना कुचकामी आहे. काका विचारात पडल्यासारखे वाटले. “१८८५?” ते म्हणाले, “काँग्रेसची स्थापना. मुंबई, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, बहात्तर प्रतिनिधी. उत्तम. जर्मन गृहस्थांना त्याच जोडीत बसवून टाकू.”

पुढे माझ्या वाचनात आलं, की २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं: पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्यानं पाहिलं तर मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांच्या डोक्यात जास्त उरलेलं असतं. म्हणजे मांडीखालचं पुस्तक शास्त्रशुद्ध निघालं. हे मी काकांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

त्यांची खरी कसोटी लागली ती २०१८ साली दहावीचं इतिहासाचं पुस्तक बदललं तेव्हा. लढाया गेल्या, तह गेले. आले इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन. काका दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी व्हॉल्टेअर आणि मायकेल फुको दोघंही रांगेत उभे केलेले होते. “व्हॉल्टेअर, आधुनिक इतिहासलेखनाचा जनक, एक मार्क. फुको, ‘आर्किऑलॉजी ऑफ नॉलेज’, एक मार्क.” एका मुलानं विचारलं, या फुकोचं म्हणणं नेमकं काय होतं? “एका मार्काला म्हणणं नसतं,” काका म्हणाले, “फक्त नाव असतं.” एवढा खणखणीत शेरा आपल्या शिक्षणावर मी कुठल्या परिसंवादात ऐकलेला नाही, आणि काकांना आपण शेरा मारला याचा पत्ताही नव्हता.

यंदा वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री सातवीतली एक मुलगी एकटीच आली होती. पानिपतचं साल तिच्या डोक्यात राहीना. “सोपं आहे,” काका म्हणाले, “पानिपत १७६१, पानशेत १९६१. मध्ये दोनशे वर्षं. एक विसरलीस तर दुसऱ्यावरून काढ.”

“आजोबा, पानशेत किती मार्कांना?”

“ते सिलॅबसमध्ये नाही.”

“मग काय झालं होतं तिथे?”

काका सांगत गेले आणि एकाही वाक्याला मार्क लागले नाहीत. १२ जुलै. ते चौथीत होते. धरण मातीचं, काम पुरतं संपलेलं नव्हतं. आदली रात्रभर जवान वाळूची पोती रचत राहिले म्हणून फुटायला दिवस तरी उजाडला, रात्री फुटतं तर नदीकाठच्या पेठा झोपेतच गेल्या असत्या. ते पाणी खडकवासल्यात आलं आणि दुपारपर्यंत ते धरणही फुटलं. नारायण पेठेतल्या वाड्यात त्यांची आई भाकऱ्या करत होती. भाकऱ्या तिनं फडक्यात बांधल्या, तवा चुलीवरच राहिला. घरातलं सगळं गेलं, पण पुढे कित्येक दिवस ती हळहळत राहिली ती तव्यासाठी. पाणी ओसरल्यावर जिकडेतिकडे चिखल, आणि धरणच गेल्यामुळे नळ कोरडे. आधी एका शाळेत मुक्काम, मग पत्र्याच्या अर्धगोल निसन हटमध्ये बिऱ्हाड.

काकू ओल्या हातानं दारात येऊन उभ्या होत्या. “पन्नास वर्षं झाली लग्नाला,” त्या म्हणाल्या, “हे तव्याचं मला कधी बोलला नाहीत.”

“विचारलं नाहीस,” काका म्हणाले.

मुलीनं सवयीप्रमाणे सगळं पत्रिकेच्या पाठीवर उतरवून घेतलं होतं. कारणे, घटना, परिणाम. मुद्द्यांना अंक घालून. परिणामांत चौथा मुद्दा तव्याचा. काकांनी लाल पेन काढलं, ओळीओळीवरून बोट फिरवत वाचलं आणि कोपऱ्यात साडेचार लिहिले.

“अर्धा का कापला?”

“साल कुठे आहे?”

“पण हे तर सिलॅबसमध्येच नाही ना!”

“म्हणून काय साल लिहायचं नाही?” काका खेकसले आणि त्यांनी पत्रिका परत तिच्यापुढे सरकवली.