सिनेमाचा तास

शाळेत सिनेमा दाखवायचा म्हटलं की स्टाफरूममध्येच सेन्सॉर बोर्ड बसतं. गाणी नकोत, मारामारी नको, प्रेमाचं तर नावही नको. बोध मात्र भरपूर हवा. मग एकमतानं ‘श्यामची आई’ पास होतो. अत्र्यांच्या 1953 सालच्या या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालंय, त्याला नाही म्हणायची माझी काय प्राज्ञा! पण त्यावर चर्चा म्हणून होत नाही. पोरं डोळे पुसतात, ‘आईचं ऐकावं’ असं वहीत लिहितात आणि मोकळी होतात. माझं म्हणणं एवढंच, की सिनेमा संपल्यावर वर्गात भांडण लागलं पाहिजे.

मी ‘फँड्री’चं नाव काढलं. मोठ्या बाईंनी विचारलं, “शेवटी तो पोरगा दगड कुणाला मारतो हो?” म्हटलं, “आपल्याला.” विषय संपला.

मजीद मजीदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ मात्र सुटला. फारसी कुणालाच येत नसल्यामुळे आक्षेप कशावर घ्यायचा, हेच कळेना. बहिणीचे, म्हणजे झाराचे, बूट भावाकडून, अलीकडून, हरवतात, मग भावाचाच जोड घालून ती सकाळच्या शाळेत जाते आणि तो दुपारच्या. सिनेमा दीड तासाचा, आमचा तास 35 मिनिटांचा. पळता पळता झाराच्या पायातला ढगळ बूट निसटला, गटारातून वाहत निघाला, ती मागे धावतेय... आणि घंटा! पुढचा तास भूमितीचा. सर आत आले तर फळ्यावर पाण्यातला बूट थिजलेला आणि वर्ग “पाचच मिनिटं, सर!” म्हणून गळा काढतोय. सरांनी निमूटपणे बुटाशेजारी वर्तुळ काढलं.

असा तुकड्यातुकड्यानं सिनेमा एकदाचा संपला. चर्चेसाठी मी ‘भावाबहिणीचं प्रेम’ काढून ठेवलं होतं. ते कुणी हुंगलंसुद्धा नाही. शर्यतीत तिसऱ्या नंबरला बूट आणि अली चुकून पहिला येतो, त्यावरच सगळे तुटून पडले.

“पहिलं बक्षीस विकायचं की!”

“शाळा विकू देईल होय?”

“पण वडिलांना सांगितलं का नाही?”

“तू सांगितलं असतंस?”

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “वडिलांच्या सायकलवर नवे बूट होते, सर. मी बघितले.” अर्धा वर्ग म्हणाला, नव्हतेच. आता तेवढा तुकडा परत दाखवा, म्हणून मोर्चा आलाय. भूमितीचे सर तास सोडायला तयार आहेत. अट एकच: सिनेमा पहिल्यापासून लावायचा.